तुंब्याचा तोच हात सोलमध्ये एवढा फिट कसा बसतो?

ठेकेदार

मंडळी नमस्कार. दोनेक वर्षं नुसता वाचतोय, आज डोकं फिरलंय म्हणून पहिलाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आधी माझं थोडक्यात. लहानपणी तबला शिकलो, प्रवेशिका पूर्ण झाली, मग दहावी आली आणि सगळ्यांचं होतं तेच झालं. आता गेली सात-आठ वर्षं ऑर्केस्ट्रात तुंबा (हाताने वाजवायचा उभा लांबट ढोल) वाजवतो. गणपती, नवरात्र, हळदी, मिळेल ते. कहरवा, डिस्को, आणि 'लॅटिन' म्हणून एकच ठेका आम्हाला सीनियर लोकांनी दाखवलाय तो, तो सगळीकडे चिकटवायचा. कुठून आला विचारलं तर 'अरे पंचमच्या गाण्यात आहे ना', संपला विषय.

तर परवा आमच्या कीबोर्डवाल्याने एक पेन ड्राइव्ह हातात दिला, म्हणे घरी जाऊन ऐक. त्यात पहिलंच माँगो सांतामारिया ह्या क्युबन तुंबावाल्याचं वॉटरमेलन मॅन. अरे काय चीज आहे राव! लोकल चुकली माझी स्टेशनवर ऐकत बसून. मग पियानोवाल्या हर्बी हॅनकॉकचं मूळचं वॉटरमेलन मॅन ऐकलं, मग जॅझवाल्या डिझी गिलेस्पीचं मान्तेका, मग मार्विन गेचं व्हॉट्स गोइंग ऑन (हे सोल, म्हणजे काळ्या अमेरिकनांची गाणी), कारण त्यातही मागे काँगा आहे. आता गोची अशी की हर्बीचं सोडलं तर बाकी तिन्ही ठिकाणी तुंबाच आहे (आपण तुंबा म्हणतो, ते लोक काँगा म्हणतात, हेही का ते कळलं नाही) पण मान्तेकामध्ये मध्येच गाडी रूळ बदलल्यासारखी वाटते, माँगोच्या वॉटरमेलन मॅनमध्ये सगळं एकजीव, आणि मार्विन गेमध्ये तर तुंबा काढून टाकला तर गाणंच बसेल खाली असं वाटतं, तरी तो काही विशेष वाजवतोय असंही नाही.

आणि सगळ्यात मोठा प्रॉब्लेम म्हणजे मला सम सापडत नाही. मी जिथे सम धरतो तिथे हा माणूस गप्प, आणि समेच्या आधी धुम धुम. मी वेडा की तो वेडा? कोणीतरी आपल्या भाषेत सांगा, म्हणजे मात्रांच्या. यूट्यूबवरचे लोक सगळे 'वन अँड टू अँड' करतात, माझं डोकं सोळाच्या पलीकडे चालत नाही.

काळी_पाच

कोणीच वेडं नाही भाऊ, उलट नेमकी गोष्ट पकडलीयेस. सोळाच मात्रा पुरेत, घे वही.

पाश्चात्य चारच्या दोन बार घ्यायच्या (बार म्हणजे चार ठोक्यांचं एक आवर्तन), प्रत्येक ठोक्याचे दोन भाग करायचे, झाल्या सोळा. आता दोन टिपऱ्या घे. क्लावे क्लावे म्हणतात ते वाद्य म्हणजे दोन टिपऱ्याच, आणि त्यांच्यावर जो पाच टाळ्यांचा साचा वाजतो त्यालाही क्लावेच म्हणतात. टाळ्या १, ४, ७, ११, १३ ह्या मात्रांवर. पहिल्या आठात तीन, दुसऱ्या आठात दोन, म्हणून तीन-दोनची क्लावे. उलटं धरलं की दोन-तीनची. ही सोनची (क्युबाच्या एका नाचगाण्याच्या प्रकाराची) झाली, रुंब्याच्या क्लावेत सातवीची टाळी सरकून आठवीवर जाते, तेवढ्या एका मात्रेने सगळा मूड पालटतो. क्युबाच्या गाण्यात टिपऱ्या ऐकू येवोत न येवोत, पियानो, बास, ट्रम्पेट सगळे हा साचा डोक्यात धरून वाजवतात.

आता तुझा तुंबा. नेहमीचा जो ठेका आहे त्याला तुंबाओ म्हणतात, आठ मात्रांचा. १ वर डाव्या हाताच्या तळव्याचा दाब, २ वर बोटांचा, ३ वर उजव्याची चापट (स्लॅप, कडक), ४ बोटं, ५ तळवा, ६ बोटं, आणि ७-८ वर दोन खुले, धुम धुम. बघ आता, समेवर काय आहे? नुसता दाबलेला तळवा, जवळजवळ शांतताच. सगळा नाद ७-८ वर मोकळा करून टाकलाय. आपण समेवर 'धा' देऊन उतरतो, ते समेच्या दारापर्यंत आणून सोडतात आणि आत तू जा म्हणतात. त्यांचा बासवालासुद्धा तसाच, चौथ्या मात्रेवर आणि सातव्या मात्रेवर वाजवतो आणि पुढच्या समेवरून तरंगत निघून जातो. म्हणून तुला सम सापडत नव्हती.

आणि आता तुझ्या धाग्याच्या नावातला प्रश्न. सोलचा ड्रमर स्नेअर (तो कडक आवाजाचा ड्रम) कुठे मारतो? दोन आणि चारवर. आपल्या आठात ती तिसरी आणि सातवी मात्रा. तिसरीवर तुंब्याची चापट आहेच, सातवीवर पहिला खुला धुम आहेच. म्हणजे दोघांनी एकमेकांना न भेटता अगोदरच जागा राखून ठेवल्यासारखं आहे. स्नेअर आणि चापट एकाच जागी पडतात, धुम धुम समेकडे ढकलतं, आणि सम द्यायला किक ड्रम बसलेलाच आहे. कोणाला काही सोडावं लागत नाही. मला विचारशील तर अख्ख्या मिश्रणाचं गुपित एवढंच, बाकी सगळं लोकांनी त्यावर चढवलेले दागिने.

मान्तेकामध्ये रूळ बदलतो ते बरोबर ऐकलंस. जॅझच्या स्विंगमध्ये ठोक्याचे दोन भाग सारखे नसतात, पहिला लांब, दुसरा आखूड, थोडं लंगडत चालल्यासारखं, तिस्राकडे झुकलेलं. काँगाचे आठ मात्रे मात्र सरळ, समसमान. एकाच वेळी दोन्ही नीट वाजवणं अवघड म्हणून त्या काळी तुकडे पाडायचे, हा तुकडा क्युबन, मग मधला तुकडा स्विंग, परत क्युबन. पुढे साठच्या दशकात सोलवाल्यांनी आणि सोलकडे झुकलेल्या जॅझवाल्यांनी सरळ मात्रा धरल्या आणि भांडणच मिटलं.

जेवायला बोलावतायत, वॉटरमेलन मॅनचा किस्सा नंतर लिहिते.

झुंबाताई

मला मात्रा-बित्रा कळत नाहीत पण आमच्या झुंबा क्लासला कार्डी बीचं आय लाइक इट लावतात, २०१८ चं, त्यात मागे जे जुनं गाणं वाजतं ते पीट रॉड्रिगेझचं १९६७ चं आहे. बुगालू म्हणतात त्याला. ते पण हेच मिश्रण ना? ऐकताना टाळ्या आपोआप वाजतात हे खरं.

न्यूजर्सीकर

झुंबाताई, शंभर टक्के तेच. बुगालू म्हणजे न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममधली पोरं, आईबाप पोर्तो रिकोहून आलेले, घरात माम्बो (क्युबन नाचाचं संगीत), शाळेत आणि कोपऱ्यावर काळ्या मित्रांबरोबर सोल. त्यांनी तुंबाओ ठेवला, दोन-चारवर टाळ्या घातल्या, शब्द इंग्रजी-स्पॅनिश मिक्स. जो क्युबाचं बँग बँग १९६६ चं (नाव क्युबा, माणूस न्यूयॉर्कचा पोर्तो रिकन, गोंधळू नका). त्याच साली माम्बोचा तीर्थक्षेत्र म्हणावा असा न्यूयॉर्कचा पॅलेडियम बॉलरूम (नाचाचा हॉल) बंद झाला, म्हणजे एक पिढी उठली, दुसरी बसली. जुने बँडलीडर ह्या पोरांवर जाम चिडायचे, ह्यांना वाजवता येत नाही म्हणून. आपल्याकडे नाही का, प्रत्येक पिढीला पुढची बेसूरच वाटते.

पण ठेकेदार, तुम्हाला सुरुवातीपासून सांगतो, कारण मला ह्या विषयात कोणी विचारलं की थांबता येत नाही, बायको इथे कपाळाला हात लावून बसलीये.

मारिओ बाउझा नावाचा हवानाचा माणूस, शिक्षण क्लॅरिनेटचं, १९३० मध्ये न्यूयॉर्कला आला, ट्रम्पेट वाजवायला लागला आणि चिक वेब, मग कॅब कॅलोवे अशा काळ्या जॅझ बँडांमध्ये वाजवलं. कॅब कॅलोवेच्या बँडमध्ये त्याच्या शेजारी एक तरुण ट्रम्पेटवाला बसायचा, तो डिझी गिलेस्पी. ह्या एका शेजारामुळे पुढचं सगळं घडलं. बाउझाने डिझीला क्युबाच्या तालाची गोडी लावली. दरम्यान १९४० मध्ये बाउझाच्या मेहुण्याने, माचितोने, आपला बँड काढला आणि नाव ठेवलं आफ्रो-क्युबन्स. त्या काळात स्वतःहून 'आफ्रो' लावणं म्हणजे छाती पाहिजे, क्युबातसुद्धा गोरे लोक ह्या ढोलांना नाक मुरडायचे. बाउझा त्या बँडचा संगीत दिग्दर्शक. १९४३ मध्ये त्यांनी तांगा बसवलं, क्लावेवर बेतलेलं पहिलं जॅझ म्हणून बहुतेक लोक त्याचंच नाव घेतात.

मग १९४७. डिझीला आपल्या बँडमध्ये काँगावाला हवा होता, बाउझाने चानो पोझोशी गाठ घालून दिली. चानो हवानाच्या गल्लीतला, अबाकुआ ह्या गुप्त बंधुसंघातला, अंगात रग, नाचायचा, गायचा, गाणी रचायचा, नोटेशन मात्र वाचता येत नव्हतं आणि इंग्रजीही नव्हतं. सप्टेंबर १९४७ मध्ये कार्नेगी हॉलला डिझीच्या बँडबरोबर वाजवलं, डिसेंबरमध्ये मान्तेका रेकॉर्ड केलं. मान्तेका म्हणजे डुकराची चरबी हो, स्वयंपाकातली! ते कसं रचलं तर चानोने बास काय वाजवेल, सॅक्सोफोन काय वाजवतील, ट्रम्पेट काय, सगळं एकेक तोंडाने गाऊन दाखवलं आणि गिल फुलरने उतरवून घेतलं. आपल्याकडे बोल तोंडी घेतात तसंच की. पण चानोचं सगळं एकाच सुरावर फिरत होतं, डिझीला वाटलं जॅझच्या लोकांना जरा वळणं हवीत, म्हणून मधला तुकडा त्याने स्वतः रचला. तुम्हाला जो रूळ बदललेला ऐकू आला तो तोच, ठेकेदार. एका माणसाचा हात संपतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो तो सांधाच ऐकू येतो तुम्हाला. मला तर तो सांधा आहे म्हणूनच ते आवडतं.

चानो पुढच्याच डिसेंबरात, १९४८ मध्ये, हार्लेमच्या एका बारमध्ये गोळी लागून गेला. तेहतीस वर्षांचा होता. न्यूयॉर्कमध्ये दोन वर्षंसुद्धा पुरती झाली नव्हती.

गल्लीबोळ

वाचनखूण साठवली. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

खाली_भरी

छान लिहिताय सगळे पण मला दोन गोष्टी खटकल्या, स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

एक. क्लावे ही तालासारखी आहे असं ठेकेदारला वाटेल ह्या १-४-७-११-१३ मुळे. तसं नाहीये. आपल्या तीनतालात सम, टाळी, खाली ह्यांना क्रम आहे, आवर्तन कुठून सुरू होतं ह्यावर वाद नाही. क्लावे कुठूनही सुरू होऊ शकते, तीनच्या बाजूने किंवा दोनच्या, गाण्याची चाल कशी पडलीये त्यावर ठरतं. तुलना करायचीच तर भरी आणि खालीशी करा, तीनची बाजू ओढ लावते, दोनची बाजू जमिनीवर येते. आणि एकदा धरली की उलटी करायची नाही. अर्ध्यात कोणी उलटा गेला तर क्युबन म्हातारे त्याला क्रुसादो म्हणतात, म्हणजे आडवा गेलास बाबा.

दोन. मार्विन गेच्या काँगाला आफ्रो-क्युबन म्हणणं मला जरा ओढून ताणून वाटतं. तो वाजवणारा एडी ब्राउन, बाँगो ब्राउन म्हणायचे, डेट्रॉइटच्या मोटाउन ह्या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओतला घरचा वादक. शिकागोत सोल गायक कर्टिस मेफील्डकडे मास्टर हेन्री गिब्सन, डॉनी हॅथवेच्या द घेटोमध्येही तोच. ही माणसं क्लावे धरून वाजवत नाहीत. क्लावेचा पत्ताच नाही तिथे. वाद्य क्युबाचं घेतलं, बाजारात मिळालं म्हणून, वाजवलं आपल्या मनासारखं. मग मिश्रण कुठलं, सजावट झाली ती.

काळी_पाच

पहिला मुद्दा एकदम मान्य, खाली-भरी. घाईत लिहिलं होतं. ठेकेदार, खाली-भरीने लिहिलंय तेच लक्षात ठेव.

दुसरा अर्धाच मान्य. एडी ब्राउन क्लावेत वाजवत नव्हता हे खरं. पण 'सजावट' म्हणशील तर एकदा तुंबाओचे आठ मात्रे मनात धरून व्हॉट्स गोइंग ऑन ऐक. सगळं जसंच्या तसं नाही, पण समेवर जोर न देता मात्रांच्या मधल्या जागा भरत पुढे सरकायचं, ही खोड कुठून आली? आणि बदल एका बाजूने झालेला नाही. फंकवाला (म्हणजे ठेक्यावर जोर देणाऱ्या सोलचा) जेम्स ब्राउन सगळ्या बँडला 'वन'वर, म्हणजे समेवर, यायला लावायचा, १९६७ च्या कोल्ड स्वेटपासून तर सगळं त्या एका समेभोवती फिरतं. क्युबाचा बासवाला समेवरून तरंगतो आणि फंकवाला समेवर आदळतो, ही दोन टोकं. सोलच्या काँगावाल्याने काय केलं, सम ड्रमरला देऊन टाकली आणि आपण आधीची वाट चालत राहिला. ती क्लावे नाही, पण क्युबाचा हात मात्र आहे.

आणि साखळी दाखवायची तर ही घे. डिझीच्या बँडने १९४८ मध्ये ग्वाराची ग्वारो रेकॉर्ड केलं, रचना चानो पोझो आणि मंडळींची. तेच कॅलिफोर्नियाच्या कॅल जेडरने, हा व्हायब्राफोनवाला, स्वीडिश वंशाचा, नवीन कपडे घालून १९६५ मध्ये काढलं आणि नाव काय दिलं? सोल सॉस! रेडिओवर चाललं चांगलं. त्यात विली बोबो आहे, हार्लेममध्ये वाढलेला पोर्तो रिकन, ज्याने माँगोबरोबर आधी टिटो प्वेंतेकडे आणि मग जेडरकडे वाजवलं होतं. म्हणजे चानोची चाल सतरा वर्षांत सोलच्या दुकानात विकायला होती.

आता तो राहिलेला किस्सा. १९६२ चा शेवट, ब्रॉन्क्समधला एक क्लब, माँगोकडे पियानोवाला नव्हता म्हणून हर्बी हॅनकॉक काही दिवस बदली म्हणून बसलेला. हर्बी तेव्हा बाविशीचा, वॉटरमेलन मॅन त्याच्या पहिल्याच रेकॉर्डवर त्याच वर्षी आलेलं. गिऱ्हाइक जवळपास नाहीच. ट्रम्पेटवाला डोनाल्ड बर्ड हर्बीला भेटायला आला होता. मधल्या सुट्टीत माँगो आणि बर्ड बोलत बसले, क्युबातलं आफ्रिकन आणि अमेरिकेतलं आफ्रिकन ह्यांचा धागा कुठे जुळतो, माँगो म्हणे मी शोधतोय, मला अजून नीट सापडला नाही. हर्बीला त्या गप्पांत काडीचा रस नव्हता, असं तो स्वतःच नंतर सांगायचा. बर्ड म्हणाला, हर्बी, ते वॉटरमेलन मॅन वाजव की. हर्बी वाजवायला लागला, माँगो उठून काँगावर आला, एकेक वादक चढला, बसलेले लोक नाचायला उठले. माँगोने ते रेकॉर्ड केलं आणि १९६३ मध्ये बिलबोर्डच्या पहिल्या दहात गेलं.

मला ह्यात गंमत कशाची वाटते तर हर्बीने ते क्युबा डोक्यात ठेवून लिहिलंच नव्हतं. शिकागोत तो लहान असताना गल्लीत कलिंगडवाला गाडी घेऊन यायचा, दगडी फरशीवर चाकांचा जो खडखडाट व्हायचा तो ठेका, आणि बायका वरून 'हे वॉटरमेलन मॅन' हाक मारायच्या ती चाल. फेरीवाल्याची हाक. आणि १९३० मध्ये न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्ड होऊन ज्या गाण्याने जगभर क्युबाच्या संगीताची लाट आणली ते कोणतं? एल मानिसेरो, शेंगदाणेवाला. ती पण फेरीवाल्याची हाक! क्युबात अशा हाकांच्या गाण्यांचा प्रकारच आहे, प्रेगोन म्हणतात. माँगो काँगावर आला तेव्हा त्याला ती चाल परकी वाटली नसेल असं आपलं माझं मत, पुरावा मागू नका.

न्यूजर्सीकर

काळी_पाच, सुरेख! शेंगदाणे-कलिंगड हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

खाली-भरी, तुमच्या प्रश्नाला एक जुनं उत्तर जोडतो. क्युबाचा आणि काळ्या अमेरिकनांचा, हे दोन्ही ताल मुळात वेगळे झाले कशामुळे? अमेरिकेत साउथ कॅरोलिनामध्ये १७३९ साली गुलामांनी स्टोनोचा उठाव केला, त्यात ढोल वाजवत निघाले होते, म्हणून १७४० च्या कायद्यात ढोलांवर बंदी. त्या भागांत ढोल गेला, ताल राहिला तो टाळ्यांत, पाय आपटण्यात, चर्चमधल्या गाण्यात. तिथूनच पुढे सोलमधल्या दोन-चारच्या टाळ्या. क्युबात कबिल्दो म्हणून आफ्रिकन लोकांचे संघ होते, आपापल्या वंशाचे, त्यांच्यात ढोल, देव, बोल सगळं बरंचसं टिकलं. म्हणजे एकाच घरातली दोन भावंडं, एकाच्या हातात ढोल राहिला, दुसऱ्याच्या हातात नुसता हातच राहिला. मग काळी_पाच म्हणतात तसं तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर त्यांचं जुळलं तर मला नवल वाटत नाही.

आणि माँगोचंच आफ्रो ब्लू ऐका ठेकेदार, १९५९ चं. सहा मात्रा, पण दोन तीनाच्या मोजा किंवा तीन दोनाच्या, दोन्ही एकाच वेळी चालू. दादरा वाजवणाऱ्याला घरच्यासारखं. जॉन कोल्ट्रेनने १९६३ मध्ये ते घेतलं, त्यात काँगा नाहीच, सगळं काम एल्विन जोन्स ड्रम्सवर करतो. म्हणजे वाद्य गेलं तरी ताल राहिला, हे खाली-भरींच्या सजावटीच्या बरोबर उलट उदाहरण.

माहीमचा_फुंक्या

मी ट्रम्पेटवाला, त्यामुळे तुंब्यावर बोलायचा हक्क नाही, पण ठेकेदारच्या एका प्रश्नाला कोणी हातच लावला नाही. तुंबा का म्हणतात.

अरे तो शब्द त्यांचाच आहे! क्युबात त्या ढोलाचं नाव तुंबादोरा, आणि संचातल्या सगळ्यात मोठ्या, खर्जातल्या ढोलाला तुंबा म्हणतात. मधल्याला काँगा, छोट्याला किंतो. अमेरिकेने मधल्याचं नाव सगळ्यांना दिलं, मुंबईच्या वादकांनी मोठ्याचं दिलं. आपण तर जास्त बरोबर आहोत एका अर्थी. आपल्या वीणेच्या तुंब्याशी ह्याचा काही संबंध नाही, नाव जुळलं म्हणून जिभेवर पटकन बसलं असेल इतकंच.

आणि 'पंचमच्या गाण्यात आहे ना' हे उत्तर अपुरं आहे. त्याच्या आधीपासून आहे. आपला पुणतांब्याचा रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, अलबेला १९५१ मधलं शोला जो भडके काढून ऐका, बाँगो सरळ ऐकू येतो. त्यांच्या बरोबर गोव्याचा चिक चॉकलेट होता, ट्रम्पेटवाला, हॉटेलांत डान्स बँड चालवायचा. मुंबईच्या हॉटेलांत रुंबा रेकॉर्डवरून उतरवून वाजवायचे आणि दिवसा तीच माणसं सिनेमाच्या रेकॉर्डिंगला. कावस लॉर्ड ह्या पारशी वादकाने बाँगो-काँगा स्टुडिओत रुळवले असं जुनी मंडळी सांगतात. नंतर पंचमकडे अमृतराव काटकर रेसो (काडीने घासून वाजवायचं वाद्य) वाजवायचे, खर्रर्र खर्रर्र, ती पण लॅटिनचीच देणगी. म्हणजे मिश्रणावर मिश्रण. फक्त आपल्याकडे आलं ते क्लावेशिवाय आलं, नुसता रंग आला. तेव्हा खाली-भरी, डेट्रॉइटला सजावट म्हणायच्या आधी दादरच्या स्टुडिओकडेही बघा :)

खाली_भरी

दादरला मी काहीच बोललो नाही, दादरला बोलून मला घरी जायचंय.

बरं सजावट शब्द मागे घेतो. आफ्रो ब्लूचं उदाहरण चांगलं होतं. पण एक राहतंच, तुम्ही सगळे न्यूयॉर्क-डेट्रॉइट करताय, खुद्द क्युबात काय चाललं होतं? १९५९ च्या क्रांतीनंतर तिथली माणसं काय हात बांधून बसली होती?

न्यूजर्सीकर

अजिबात नाही. इराकेरे ऐका. १९७३ मध्ये चूचो वाल्देसने काढलेला बँड, पाकितो द'रिव्हेरा सॅक्सवर, आर्तुरो सांदोवाल ट्रम्पेटवर. त्यांनी सोल-फंकचा इलेक्ट्रिक बास-गिटार घेतला आणि समोर काय ठेवलं तर बाता. हे देवळातले ढोल म्हणा, पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या योरुबा लोकांच्या देवांना बोलावायचे, तीनचा संच, इया, इतोतेले, ओकोंकोलो. मांडीवर आडवे घेऊन दोन्ही तोंडांनी वाजवायचे, आपल्या पखवाजासारखे. ते उचलून नाचाच्या बँडमध्ये आणणं ही मोठी गोष्ट होती. १९७७ मध्ये डिझी जहाजातून हवानाला गेला आणि ह्यांना ऐकून आला, तीस वर्षांपूर्वी चानोबरोबर जे सुरू केलं ते परत फिरून समोर. त्यांच्या रेकॉर्डला १९८० मध्ये ग्रॅमी मिळालं. तिथे तुम्हाला क्लावे पण मिळेल आणि 'वन' पण, आणि दोघं एकमेकांना अजिबात वाट देत नाहीत, खेचाखेची ऐकायला मजा येते.

मी आता खरंच थांबतो, घरी लॅपटॉप बंद करायची नोटीस मिळालीये.

ठेकेदार

मंडळी, तीन दिवस लॉगिन केलं नाही कारण तुमचं सगळं वाचून सरळ रियाजाला बसलो. रिपोर्ट देतो.

पहिल्या दिवशी टिपऱ्या नव्हत्या म्हणून लाटणं आणि चमचा घेतला. १-४-७-११-१३. तोंडाने ना धिं धिं ना, हाताने क्लावे. दहा मिनिटांत हात तोंडामागे पळायला लागला. आईने विचारलं पोळ्या करायच्यात की भांडी फोडायचीयेत.

दुसऱ्या दिवशी तुंबाओ. आणि काळी_पाच ताई, इथे माझ्या आठ वर्षांचा हिशोब निघाला. आम्हाला जे 'लॅटिन' शिकवलं होतं ते हेच होतं, अगदी हेच, फक्त धुम धुम १-२ वर! म्हणजे कोणीतरी, कधीतरी, दोन खुले उचलून समेवर ठेवले, कारण आपल्या माणसाला सम पाहिजेच. माझ्या गुरूंनी त्यांच्या गुरूंकडून तसंच घेतलं असणार, त्यांना काय बोलणार. मी सात-आठवर सरकवलं तर हात दर चौथ्या आवर्तनाला आपोआप परत समेवर यायचा, म्हशीला गोठा माहीत असतो तसा. मग एक युक्ती केली, डाव्या पायाने किक ड्रमसारखी सम ठोकायची, हाताला सांगायचं सम तुझं काम नाही. तेव्हा कुठे बसलं.

काल प्रॅक्टिसला ऑक्टोपॅडवाल्याला म्हटलं तू सरळ दोन-चारवर स्नेअर दे, बाकी काही करू नको. कीबोर्डवाल्याने वॉटरमेलन मॅन धरलं. आणि चापट आणि स्नेअर एकाच जागी पडली ना पहिल्यांदा, तर तो आवाज माझा की त्याचा तेच कळेना. ऑक्टोपॅडवाला थांबला आणि म्हणाला तू आज काहीतरी कमी वाजवतोयस. म्हटलं होय. म्हणाला मग चांगलं का वाटतंय?

आता ह्या शनिवारी एका हळदीला वाजवायचंय, तिथे कोळीगीतात हे घुसडून बघणारे. फुंक्याभाऊ, शनिवारी मोकळे असाल तर या, ट्रम्पेट घेऊन. मानधन नाही, पण जेवण आहे, सुरमई.

माहीमचा_फुंक्या

सुरमई आधी सांगायची ना. किती वाजता?